तज्ज्ञांच्या सल्ल्याने बंद

शेवटचं म्हणून आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर एका इंग्रजी शब्दाचे अर्थ बघितले. दुपारचे बारा वाजले असतील. इंदूला, म्हणजे माझ्या बायकोला, तीन दिवस ताप होता, तो त्या दिवशी उतरला होता. गॅलरीत खुर्ची टाकून पाय उन्हात ठेवून ती बसली होती. गार्ड दाराखालून सोसायटीची नोटीस सरकवून गेला. नोटीस इंग्रजीत. मी सातवी शिकलेला, तीसुद्धा परीक्षा देऊन निकालाआधीच फौजेत भरतीला पळालो. इंदू मॅट्रिक. त्यामुळे घरात इंग्रजी कागद आला की तो तिच्याकडे जायचा आणि नळ गळायला लागला की तो माझ्याकडे यायचा.

"अहो, बॅरियर म्हणजे टोलनाक्यावरचं ते ना?"

"असेल."

"पण इथे पर्मनंट लिहिलंय. ती दांडी तर वरखाली होते. डिक्शनरी द्या बघू."

डिक्शनरी करोल बागच्या फुटपाथवरून घेतलेली, पुठ्ठा केव्हाच गेलेला. तिने बोट लावून वाचलं. "अडथळा. अटकाव. आडकाठी. कुंपण. तट. फाटक. हद्द. बाई, एकाच शब्दाच्या पोटात एवढं सगळं? यातलं कुठलं बसवतायत हे?"

कुठलं ते मला माहीत होतं. ती नोटीस पुढे वाचत गेली. आजपासून मागचं गेट कायमचं बंद. तिथे पर्मनंट बॅरियर बसवण्यात येत आहे. एक्सपर्ट ॲडव्हाइसप्रमाणे. आणि पुढे एक्सपर्टचं नाव आणि फ्लॅट नंबर. नाव माझं, फ्लॅट आमचा.

तिने कागदावरचं बोट उचललं. डिक्शनरी मिटली. "चहा टाकता का थोडा?" म्हणाली. मी टाकला. दोघं प्यायलो. चार वाजता तिच्या छातीत कळ आली आणि संध्याकाळी सातला हॉस्पिटलातच ती वारली.

इथल्या मराठी मंडळाच्या संपादकबाई म्हणाल्या, काका, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा, गमतीजमती लिहा. गमती आहेत. पण मी सध्या चिडलेला माणूस आहे, तेव्हा त्या चिडीतूनच येतील. ज्यांना गोड वाचायचंय त्यांनी अंकातल्या पाककृती वाचाव्यात.

माझा धंदा कुंपणाचा. फौजेतून हवालदार म्हणून निघालो आणि गावी, कोकणात खेड तालुक्यात, परत न जाता दिल्लीतच राहिलो, कारण तेव्हा इथे नवीन वारं सुटलं होतं. परदेशी कंपन्या येणार, गुडगावला काचेच्या इमारती होणार. इमारती नंतर झाल्या. आधी कुंपणं झाली. हे बाहेरच्या माणसाला कळत नाही म्हणून सांगतो. जमीन विकत घेतली की तिच्यावर पहिलं जे उभं राहतं ते घर नाही, कुंपण. वीट यायच्या आधी तार येते. म्हणजे या सगळ्या नव्या शहरात सगळ्यात आधी पोचलेला माणूस मी. गुडगावला जिथे आज तुमची मुलं लिफ्टने विसाव्या मजल्यावर जातात, तिथे मी बाभळीखाली भाकरी खाल्लेली आहे.

काम साधं आहे. खांबाचा तिसरा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू, कारण सगळा ताण तो खातो. काँक्रीट नीट धरलं की मगच तार ओढायची, घाई केली तर खांब झुकतो आणि एकदा झुकलेला खांब मरेपर्यंत सरळ होत नाही. खांब, तार, टेकू हे माझ्याकडे. कोटेशन, पत्रं आणि गिऱ्हाइकाच्या इंग्रजीचा अर्थ हे इंदूकडे. रविवारी तीही साइटवर यायची आणि दोरीचं दुसरं टोक धरायची.

आणि गिऱ्हाइकं तरी काय एकेक. सामान तेच, लोखंडी अँगल आणि काटेरी तार. पण शेतकरी म्हणायचा "बाड़". दुकानदार म्हणायचा "बाउंड्री". कंपनीवाला "पेरिमीटर" म्हणायचा आणि नवश्रीमंत "फेन्सिंग". इंदू रात्रीच्या भाकरी आटपून डिक्शनरी घेऊन बसायची आणि म्हणायची, "सगळ्यांना एकच पाहिजे, पण एकाचा शब्द दुसऱ्याला चालत नाही."

एक साहेब अमेरिकेहून परत आलेले. त्यांनी एक फोटो आणला होता. पांढऱ्या रंगाच्या लाकडी पट्ट्या, गुडघ्याएवढ्या उंच, पलीकडे हिरवळ. म्हणाले, "एग्ज़ैक्टली ऐसा चाहिए." मी म्हटलं, साहेब, याच्यावरून तर शेळीसुद्धा चालत जाईल. ते म्हणाले, आप समझे नहीं, ये स्टाइल है. लावलं. पंधरा दिवसांत शेजारच्या गावच्या चार म्हशी आत. हिरवळ साफ, वर जाताना शेणही टाकून गेल्या. साहेब फोनवर ओरडायला लागले की तुझं कुंपण काय कामाचं. मी म्हटलं, साहेब, हे कुंपण जिथे शेजाऱ्याकडे म्हशी नाहीत तिथलं आहे. शेजारी बदला नाहीतर कुंपण. त्यांनी शेजारी बदलले. गावच सहा वर्षांत उठलं तिथून. म्हणून ती गोष्ट सांगताना मला आता हसू येत नाही.

आमच्या खेडला दगडावर दगड रचून गडगा घालतात. त्यात दर थोड्या अंतरावर दोन लांब दगड बाहेर काढून ठेवतात, पायरीसारखे. गुरांना चढता येत नाही, माणसाला येतं. माझ्या बापाने मला शिकवलेलं ते पहिलं काम. फौजेत सुरुंग पेरलेल्या जमिनीला तार घालायचो, लाल पाटी लावून. ती तारही माणसाच्या भल्यासाठीच, बाबा रे, इकडे येऊ नकोस, मरशील. डिक्शनरीत हे सगळं एकाच शब्दाखाली घालतात. घालोत. मी दोन्ही केलंय आणि दोन्हींत माणसाचा विचार होता. राग आहे तो तिसऱ्या प्रकाराचा, जो मी दिल्लीत येऊन शिकलो आणि त्यात पारंगत झालो.

तिसरा प्रकार म्हणजे असा. कुंपणाच्या माथ्यावर एक तिरका अँगल असतो, त्याला तारेच्या तीन रांगा. तो अँगल बाहेरच्या बाजूला झुकलेला असेल तर बाहेरचा माणूस आत येऊ नये म्हणून. आत झुकलेला असेल तर आतला बाहेर जाऊ नये म्हणून. तुरुंगाला आत झुकलेला असतो. एकदा एका कपड्यांच्या कारखान्याचं काम आलं. ड्रॉइंगमध्ये अँगल आत. मला वाटलं ड्रॉइंग चुकलं. मॅनेजर म्हणाला, चुकलं नाही, मुली जेवणाच्या सुट्टीत बाहेर जातात आणि उशिरा येतात. कोटेशन लिहिताना इंदूने विचारलं, "आत कोण आहे?" मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. "मी नाही लिहीत." मग मी शेजारच्या दुकानातल्या पोराकडून लिहून घेतलं आणि काम केलं. चांगलं झालं काम. अजून तसंच उभं असेल. एक महिना तिने माझा एकही कागद लिहिला नाही, आणि मी तिला म्हटलं, तुला धंदा कळत नाही. हे मी छापायला देतोय, कारण तिच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

आता अंगूरीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच आहे.

दिल्लीतल्या द्वारकेचे सेक्टर तेव्हा नकाशावर होते, जमिनीवर गहू होता. जमीन सरकारजमा झालेली, पैसे वाटलेले, फक्त उभं पीक कोणी विचारात घेतलं नव्हतं. ठेकेदाराने मला कुंपणाचं काम दिलं आणि म्हणाला, लाइन सरळ जाऊ दे, मध्ये काय येतं ते बघू नको. मी खांबाचे खड्डे गव्हातून मारत चाललो होतो. पदर डोक्यावर, हातात विळा, अशी एक बाई समोर येऊन उभी राहिली.

"रै फौजी, यो के गाड़ै सै?"

"खांब गाडतोय, बहनजी. हुकूम आहे."

"हुकम तो ठीक सै. गेहूँ पाक रे सैं. पंद्रह दिन ठहर ज्या."

मी थांबणार नव्हतो. मला हुकूम पाळायची सवय. पण रविवार होता, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला इंदू होती. तिने दोरी सोडली आणि बांधावर बसली. म्हणाली, "काँक्रीट वाळायला किती दिवस लागतात हो?"

"सात-आठ."

"एकवीस लिहिते."

त्याच संध्याकाळी तिने ठेकेदाराला इंग्रजीत पत्र लिहिलं की एकवीस दिवस क्युअरिंग झाल्याशिवाय तार ओढता येत नाही, ओढल्यास जबाबदारी आमची नाही. खाली दोन रेघा मारल्या. ठेकेदार सिमेंटमधला नव्हताच, रेघा बघून गप्प बसला. एकवीस दिवसांत अंगूरीच्या घराने सगळा गहू काढला. इंदू तिथे कापणीला गेली. कोकणातली बाई, भात कापलेली, गव्हाच्या पात्यांनी हात सोलून घेऊन आली. कापणी झाल्यावर अंगूरीच्या नवऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, ही आजपासून या गावची लेक.

हे तोंडदेखलं नव्हतं. तिकडे श्रावणात भावाच्या घरून लग्न झालेल्या बहिणीला कोथली पाठवतात, म्हणजे मिठाई आणि कपडा. इंदूला दर श्रावणात कोथली यायची. नवरा गेल्यावर अंगूरी स्वतः घेऊन यायची. आणि मी त्या गावाचा बटेऊ झालो, म्हणजे जावई. अंगूरी नात्याने मेहुण्याची बायको, तेव्हा माझी टिंगल करायचा तिला हक्कच. आमची सोसायटी त्याच जमिनीवर उठली, फौजेतल्या लोकांनी मेंबर होऊन फ्लॅट घेतले, मीही घेतला. अंगूरी पहिल्यांदा घरी आली तेव्हा गॅलरीतून खाली बघून म्हणाली, "बटेऊ, तेरी पार्किंग के नीचै म्हारी सरसों दबी सै, देख कै गाड्डी चलाइये."

इंदूचं खेडचं माहेर संपलेलंच होतं. आईबाप गेले, भाऊ गेला, एक भाचा पनवेलला. ती म्हणायची, "माझं माहेर दहा मिनिटांवर आहे." मागचं गेट उघडलं, पायवाट ओलांडली की अंगूरीची गल्ली. त्या गेटाला कोणी नाव दिलं नव्हतं. त्यातून कामवाल्या बायका यायच्या, भाजीवाली यायची, आणि इंदू रोज सकाळी माहेरी जायची.

ते गेट बंद करायचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये आला. म्हणे सिक्युरिटी. म्हणे मागून बाहेरचे लोक येतात. दहा वर्षांपूर्वी आलेले आम्ही आतले, आणि ज्यांच्या सात पिढ्या तिथे नांगर धरत आल्या ते बाहेरचे. मी हे तेव्हा बोलायला पाहिजे होतं. आता लिहितोय. बोललो काय ते सांगतो.

सेक्रेटरी साहेब म्हणाले, "हमारे बीच एक्सपर्ट बैठे हैं. फौजी साहब, आप बताइए, वहाँ कौन सा बैरियर लगे?"

धंदा सोडल्यापासून पाच वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. हात रिकामे होते. साठ लोकांनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि मी उठलो, आणि सांगायला लागलो. कुलूप नको, कुलूप कोणीतरी उघडतंच. पूर्ण पॅनल बसवा. जाळी बारीक घ्या, पायाचा अंगठा टेकता कामा नये. उंची आठ फूट. माथ्यावर अँगल, बाहेर झुकलेला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी कागदावर चित्रही काढून दिलं. जिना चढून घरी येईपर्यंत लक्षात आलं की मी काय करून आलो. इंदू भाजी निवडत होती. "काय झालं मीटिंगमध्ये?" म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही, पाण्याच्या टाकीचं." दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीकडे जाऊन नको म्हणता आलं असतं. गेलो नाही. मग तिला ताप आला, आणि ती पडलेली असताना खाली वेल्डिंग चालू झालं. आवाज वरपर्यंत येत होता. "कसलं काम काढलंय?" तिने विचारलं. "पाइपचं," मी म्हटलं.

एवढं सगळं त्या नोटिशीच्या पोटात होतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळातल्या बायका आल्या. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी, आणि ती माहेरची पाहिजे. आपल्यात माहेरच्या साडीवाचून सवाष्णीला पाठवत नाहीत. एका काकूंनी मला विचारलं, "माहेरहून कोणी येणार आहे का?" मी म्हटलं, पनवेलचा भाचा उद्या पोचेल. "मग कपाटातली नवी काढू का?" मी म्हटलं, काढा. माझं डोकं चालत नव्हतं. सुनेने कपाटातली साडी काढून दिली. दहा वाजता गाडी निघाली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मेन गेटवर दांडी वर झाली, आम्ही बाहेर पडलो. डाव्या हाताला गार्डच्या केबिनपाशी कोणी बाई उभी होती. मी नीट बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी गार्ड वर आला. भला मुलगा, मान खाली घालून म्हणाला, "अंकल जी, सुबह एक ताई आई थीं. हरी साड़ी लेकर."

त्याच्याकडून कळलं ते असं. अंगूरीला आमच्या कामवालीने सकाळी बातमी दिली. ती साडी घेऊन तशीच मागच्या गेटाकडे आली. तिथे आठ फूट जाळी. तिने हाका मारल्या, ऐकणार कोण. मग सेक्टरच्या भिंतीला वळसा घालून, दुखऱ्या गुडघ्यांनी, पाऊण तास चालून मेन गेटवर आली. तिथे नियम, की फ्लॅटमधून इंटरकॉमवर हो आल्याशिवाय सोडायचं नाही. घरात माणसांची गर्दी, इंटरकॉम वाजत राहिला, कोणाला ऐकू आला नाही. गार्डने रजिस्टर पुढे केलं. तिला लिहिता येत नाही. त्याने विचारलं, किससे मिलना है, क्या काम है. ती म्हणाली, "नणंद सै मेरी. कपड़ा गेरना सै." म्हणजे अंगावर साडी घालायची. तो ते लिहीत असतानाच गाडी तिच्या समोरून गेली.

"साडी ठेवून गेली का?" मी विचारलं.

"नहीं अंकल जी. मैंने कहा था दे दो. बोली, जिसकी थी वो तो गई."

मी त्या पोरावर चिडलो नाही. त्याने नियम पाळला, जसा मी गव्हातून खांब गाडत होतो. नियम कोणाचा होता ते मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं मी ऐकत आलोय, कुंपण कोणाला दुखवत नाही, ते नुसतं उभं असतं. साफ खोटं आहे. मी हजारो खांब गाडलेत, मला विचारा. कुंपणाचं सगळं काम माणूस घरी झोपलेला असतानाही चालू असतं. ज्याने लावलं त्याला कधी कळतही नाही की आज कोण वळसा घालून गेलं, कोण परत फिरलं. आणि कमिटीवाले नोटिशीत लिहितात, रहिवाशांच्या सोयीसाठी. माझी बायको रहिवासी नव्हती का?

महेशला, माझ्या मुलाला, मी सगळं सांगितलं. तो गुडगावला ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे. म्हणाला, "बाबा, मी कमिटीला मेल टाकतो. दिवस होऊ देत, मग बघू." पण मला दुसरी गोष्ट माहीत होती. त्या गावात कोणी गेलं की दुसऱ्या सकाळी बायका जमावाने रडायला येतात, गल्लीपासून रडत. लेक गेली म्हटल्यावर त्या येणारच. आणि त्या येणार मागूनच, कारण माहेराहून यायची वाट तीच. मेन गेटवर तीसजणींना रांगेत उभं करून रजिस्टर भरून घेतलं असतं. कामाचं स्वरूप काय लिहिलं असतं, रडणे?

सकाळी साडेसहाला नट खोलायचे पाने घेऊन मी खाली गेलो. पॅनल चार बोल्टवर, सहज निघेल असा हिशोब. जाऊन बघतो तर चारही नटांना वेल्डिंगचा टाका मारलेला. मग आठवलं. मीटिंगनंतर वेल्डर मला कोपऱ्यात भेटला होता आणि मीच त्याला सांगितलं होतं, नटाला टाका मार, नाहीतर पोरं खोलतील. त्याने मारला होता. चांगला मारला होता, पोकळ नाही, भरीव. पाना नुसता फिरत राहिला. मी वर जाऊन लोखंड कापायची करवत घेऊन आलो आणि वरच्या नटापासून सुरुवात केली, स्टुलावर उभं राहून.

पहिला नट निघायला पाव तास लागला. तेवढ्यात पलीकडून रडण्याचा आवाज जवळ येत गेला आणि जाळीपाशी येऊन थांबला. बारीक जाळीतून चेहरे नीट दिसत नव्हते, नुसत्या ओढण्यांचे रंग. अंगूरीचा आवाज मी ओळखला.

"कूण सै? बटेऊ?"

"हो, मीच."

"यो तन्नै लगवाया?"

कामवालीने तेही सांगितलं असणार. मी म्हटलं, "हां."

ती म्हणाली, "पक्का लगवाया. तेरा काम सदा पक्का हो सै." मी करवत चालवत राहिलो. वरून खाली उतरलो, दुसरा नट धरला. पातं सटकलं आणि अंगठ्याला लागलं.

"हाथ मैं जान कोनी के? आराम तै. रो हम पाछै लेंगे, पहल्यां रास्ता खोल."

सेक्रेटरी साहेब फिरायला निघाले होते, ते थांबले. सज्जन माणूस, आदल्या दिवशी स्मशानात आले होते. "फौजी साहब, ये क्या कर रहे हैं आप? सोसाइटी की प्रॉपर्टी है."

मी म्हटलं, "आपने नोटिस में लिखा है ना, एक्सपर्ट की एडवाइस से? एक्सपर्ट की एडवाइस बदल गई है."

"ऐसे थोड़े ही बदलती है. मीटिंग बुलानी पड़ेगी."

"बुलाइए. मैं यहीं हूँ."

"इन लोगों को मेन गेट से आने दीजिए ना. मैं गार्ड को बोल देता हूँ, एंट्री करा देगा."

"कल एक की एंट्री हो रही थी. पूरी नहीं हुई."

त्यांना काय ते समजलं नसावं. तिथेच उभे राहिले, हात मागे बांधून. मग महेश आला. सुनेने गॅलरीतून बघून त्याला उठवलं होतं. मला वाटलं हाताला धरून वर नेईल. त्याने माझा अंगठा बघितला, खिशातला रुमाल काढून बांधला आणि करवत मागितली. मी दिली नाही. म्हणाला, "बाबा, मग मी काय करू?" मी म्हटलं, पॅनल धर. चौथा नट सुटला की हे सगळं वजन अंगावर येतं, तेव्हा दोघांनी धरायला लागतं. त्याने इकडून खांदा लावला. पलीकडे अंगूरीने बायांना काही सांगितलं आणि जाळीला हातांचे तळवे टेकले, एकाशेजारी एक, पुष्कळ.

चौथा नट पडला. महेशने इकडून आणि त्यांनी तिकडून पॅनल उचललं, आडवं चालवत नेलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. समोर अंगूरी उभी. डोक्यावर पदर, चेहरा सुजलेला, छातीशी हिरवी साडी, घडीसुद्धा मोडलेली नाही. मी गेटाच्या बरोबर मध्ये, हातात करवत घेऊन उभा होतो. काहीतरी बोलायचं होतं मला. माफीच मागायची होती, पण कुठल्या भाषेत मागू ते सुचेना.

"हट ज्या, बटेऊ," ती म्हणाली.

मी बाजूला झालो.